छत्तीस क्रेडिट

रास अल खैमाच्या खाडीकडे तोंड करून
आमची समिती बसते, दर मंगळवारी, दुपारी दोनला.
पडदे ओढलेले. बाहेर बेचाळीस अंश, आत अठरा.
मी शाल विसरले की नेमकी बैठक लांबते.

टेबलावर एक तक्ता, निम्मा कोरा:
राजकीय मानसशास्त्र, पदव्युत्तर, दोन वर्षं,
छत्तीस क्रेडिट, त्यातली सहा प्रबंधाची.
उरलेल्या तिसांवरून
आम्ही भाऊबंदांसारखे भांडतो,
बांध कुठवर, विहिरीत वाटा कुणाचा.

अच्युतनना दोन सत्रं संख्याशास्त्र हवंय.
"मोजता येत नाही ते शिकवायचं कसं?"
घस्सान इतिहासाचा. पेनाचं टोपण चावत म्हणतो,
"मोजलं गेलं नाही, तेच तर आमच्याकडे घडलं,"
आणि बैरूतच्या घरातल्या न्हाणीबद्दल बोलू लागतो,
जिथे त्याची आई अजून
रोज रात्री तीन बादल्या भरून ठेवते,
लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी.
इतिवृत्तात याची नोंद होत नाही.

डॉक्टर शमसा अल झाबी अध्यक्ष.
बोलतात कमी, पेन्सिलीनं खोडतात जास्त,
पण इतक्या हलक्या हातानं
की खाली काय होतं ते वाचता यावं.
माझा 'भय आणि आज्ञापालन' हा पेपर
'विश्वास आणि संस्था' होऊन परत आला.
मी काही बोलले नाही.
घरी भांडी घासताना लक्षात आलं,
खोडलेल्या पेपरचं पहिलं प्रात्यक्षिक
मीच देऊन आले होते.

मग क्षेत्रकार्य. पोरांना पाठवायचं कुठे?
"मजलिसमध्ये," शमसा म्हणाल्या.
"माझ्या आजोबांच्या मजलिसमध्ये
दाराजवळ कोण बसतो, कुणासाठी कोण उठतो,
कॉफीचा पेला हलवून 'पुरे' कोण आधी सांगतो,
एक सत्र पुरायचं नाही."
एवढं सलग त्या पहिल्यांदाच बोलल्या.
अच्युतननी विचारलं, नमुना किती जणांचा?

चहा आणतो तो सिकंदर हमदुले, बाणकोटचा.
एकदा सगळे गेल्यावर कप गोळा करत रेंगाळला.
"कसला कारखाना उघडताय, मॅडम?"
मी म्हटलं, माणसं कुणाचं ऐकतात, का ऐकतात,
त्याचं शिक्षण.
त्यानं ट्रे खाली ठेवला.
"आमच्या खोलीत आठ खाटा, एसीचा रिमोट एक.
पयल्यांदा मारामारी झाली. मग निवडणूक लावली.
दर एक तारखेला चिठ्ठ्या, दूध पावडरच्या डब्यात.
जिंकेल त्याच्याकडे म्हयनाभर रिमोट."
"बरं मग?"
"मग काय. सहा म्हयने तो नेपाळीच जिंकतोय, टेकबहादूर.
सोळावर ठेवतो. सगळी कुडकुडतात.
आणि एक तारखेला परत त्यालाच."
"का पण?"
"झोपायच्या आधी इचारतो ना तो,
थंडी वाजते काय रे?
बदलत नाय. पण इचारतो."

रात्री तक्ता उघडून बसले.
चौथं सत्र, ऐच्छिक, तीन क्रेडिट.
शिक्षकाच्या रकान्यात सिकंदरला जागा नाही,
त्याचा व्हिसा साफसफाईच्या कंपनीचा.
माझा विद्यापीठाचा, जूनपर्यंत.
संदर्भसाहित्यात डबा लिहावा का, कंपनीच्या नावासकट?
पलीकडच्या इमारतीवर अजून वेल्डिंग चालू होतं,
ठिणग्या पडत होत्या आणि वाटेतच विझत होत्या.
पेपरच्या नावाची जागा मी रिकामी ठेवली.

पुढच्या मंगळवारी, बैठक सुरू होताना,
शमसांनी चष्मा पुसत सहज विचारलं,
"थंडी वाजतेय का कुणाला?"
आम्ही तिघंही म्हणालो,
छे छे, अगदी बरं आहे.

शाल त्या दिवशी मी आणली होती.
पिशवीतच राहिली.